तापाचा माग

मिरची तोडून परतलेली माणसं एटापल्लीत लांबूनही ओळखू येतात. हंगामाला टोळीनं तेलंगणात गेलेली, उन्हाळा तापला की गावी येणारी. डोक्यावर गाठोडं, हातात मजुरीपोटी मिळालेल्या लाल मिरचीचं पोतं, आणि बोटं इतकी झोंबणारी की पोराच्या गालाला हात लावायची चोरी. त्यांतल्या कुणाला ताप असला तर घरचे त्याला आशाताईकडे नेतात. ताई बोट टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडते आणि घड्याळ बघत बसते. खालची रेघ उमटली तर मलेरिया, गोळ्या लगेच सुरू. नुसती वरचीच रेघ उमटली तर?

महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा असतो. म्हणून इथं ताप म्हणजे मलेरिया हे गणित पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही येतं. पण ज्या मुलखात एकच ताप सगळ्यांना ठाऊक असतो, तिथं दुसरा ताप त्याच्या आडोशाला सहज लपतो. पट्टी कोरी आली की पॅरासिटामॉलच्या गोळ्या आणि ‘दोन दिवसांनी या’ एवढंच उरतं. दोन दिवसांनी माणूस बरा होऊन मोहफुलं वेचायला गेलेला असतो, किंवा खाटेवर घालून रुग्णालयात न्यावा लागलेला असतो. दोन्हींत तो ताप कसला होता हे कळतच नाही.

त्या कोऱ्या पट्टीपुढचं काम मला इथं सांगायचं आहे. परमुलखात कामाला गेलेली माणसं अनोळखी ताप घेऊन परततात. त्या तापाचा विषाणू उंदीर, घुशी, चिचुंद्र्या ह्यांच्यात, नाहीतर त्यांच्या अंगावरच्या गोचिडांत वसतो. मग तो नेमका कुठल्या रानात, कुठल्या खोपटात माणसाला लागला हे काढायचं कसं? आमच्याकडे वनरक्षक वाघाचा माग काढतात, तसंच हे काम. वाघ दिसत नाही. पण पावलाच्या कडा मोडल्या आहेत का, त्यात दव पडलंय का, वरून मुंग्यांनी वाट काढलीय का, एवढ्यावर तो कधी आणि कुठून गेला हे जाणता माणूस सांगतो. तापाचा मागही असाच, पाऊल दिसेल तिथून उलटा काढायचा.

ह्यासाठी उदाहरण घेतो ते कोकणच्या कडेचं, पण त्यातली माणसं आमच्या मिरचीवाल्यांची सख्खी भावंडं शोभतील. 2016 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या काही मजुरांना ताप आला. हे लोक काजूच्या हंगामात गोव्यात जातात, बागेतच मुक्काम करतात, हंगाम सरला की घरी येतात. ताप घरी आल्यावर उघड झाला, म्हणून वरवर बघणाऱ्याला तो बेळगावचा ताप वाटला असता. पण रक्त तपासलं तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला त्यात क्यासनूर जंगलतापाचा विषाणू सापडला. सिंधुदुर्गात ह्याच तापाला माकडताप म्हणतात. आजारी मजुरांच्या गावांना जोडणारी एकच गोष्ट होती, गोव्यातल्या काजूबागा. आणि गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात, 2015 मध्ये माकडताप येऊन गेलेला होता. 2016 मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यात केरसारख्या गावात तो आला, पुढं बांद्याच्या बाजूलाही पसरला.

म्हणजे घर बेळगावात, ताप बेळगावात, आणि मूळ राज्याची हद्द ओलांडून पलीकडे. प्रवासी माणसांच्या साथीत हीच पहिली अडचण असते. रोग मोजला जातो तो माणूस जिथं आजारी पडतो त्या गावाच्या खात्यावर, आणि लागलेला असतो तो दुसऱ्याच गावच्या पाचोळ्यात.

पाचोळाच म्हणतो, कारण काजूची बाग बघितली तर ते लगेच पटतं. बोंडू पिकून खाली पडतो. तो वेचायचा, पिरगाळून बी वेगळी काढायची, बोंडू दारूसाठी एकीकडे टाकायचे. झाडाखाली पाचोळा ढोपरभर साठलेला असतो आणि वेचणारा माणूस तासन्‌तास त्यातच वाकलेला किंवा बसलेला असतो. त्या पाचोळ्यात गोचिडाची पिल्लं असतात. हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा हे त्या गोचिडाचं शास्त्रीय नाव. गुराच्या कानात आपण बघतो तो फुगलेला गोचीड डोळ्यांपुढे आणू नका. माणसाला चावणारं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, चावलेलं कळतही नाही.

आता ह्यात उंदीर कुठं आला? गोचीड आयुष्यात तीनदा पोटभर रक्त पितो. अंड्यातून निघाल्यावर एकदा, मधल्या वयात एकदा, आणि मोठा झाल्यावर एकदा. मोठा झाला की त्याला गुरंढोरं आणि मोठी जनावरं लागतात. लहानपणी मात्र जमिनीलगत फिरणारी छोटी जनावरं त्याला पुरतात: रानउंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर दाणे टिपणारे पक्षी, आणि खाली उतरलेली माकडं. शेपटीचा अर्धा भाग पांढरा असलेला एक रानउंदीर आहे, त्याच्यात आणि चिचुंद्रीतही हा विषाणू मिळालेला आहे. उंदीर त्यानं फारसा आजारी दिसत नाही. तो हिंडतो, खातो, पिलं घालतो आणि विषाणू जपून ठेवतो. माकड मात्र कोसळतं. ते मेलं की अंगावरचे गोचीड गार पडत चाललेलं शरीर सोडून खाली उतरतात आणि त्या झाडाखालची जागा धोक्याची होते. नाव माकडाचं झालं ते त्याचं मरण दिसतं म्हणून. मला ह्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की माकड मेलं त्या दिवशी विषाणू त्या रानात दिसला. असेल तो कदाचित कितीतरी वर्षं, उंदरांच्या बिळांत, कुणालाही न दिसता.

मूळ हुडकताना पहिला अंदाज चुकतो, हे ह्याच तापाच्या जन्मकथेत दिसतं. 1957 च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपास माणसं तापानं आजारी पडू लागली. आधी विषमज्वराचा संशय आला. पण जंगलात माकडंही मरत होती, आणि गावकरी दोन्ही गोष्टी एकत्र सांगत होते. त्यांनी रोगाला कानडीत माकडाचा आजार असं नावसुद्धा ठेवून टाकलं होतं. पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्राचे लोक तिथं पोचले. 1952 मध्ये सुरू झालेलं हेच केंद्र पुढं 1978 मध्ये राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था झालं. माकडं आणि माणसं एकदम मरतात म्हटल्यावर त्यांच्या मनात पीतज्वराची धास्ती आली. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला, डासांतून पसरणारा तो रोग आशियात कधी आलेला नव्हता. आला असता तर हाहाकार उडाला असता. माणसांच्या आणि माकडांच्या रक्तातला विषाणू उंदरांच्या पिलांत वाढवून पाहिला तेव्हा तो पीतज्वराचा निघाला नाही. त्याची सोयरीक जुळली थेट रशियातल्या गोचीडतापाशी. मग डासांचा नाद सोडून सगळे गोचिडांच्या मागे लागले.

रशियाशी नातं निघालं म्हणून पुढचा प्रश्न ओघानं आला: एवढ्या लांबून आणला कुणी? संशय गेला हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर. त्यांच्या अंगावरून गोचीड आले असतील, असं वाटलं. 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, सलीम अलींच्या देखरेखीखाली, हजारो पक्षी पकडले, त्यांच्या पायात कड्या घातल्या, अंगावरचे गोचीड तपासले. पक्ष्यांच्या येण्याजाण्याबद्दल भारताला जे माहीत झालं त्यातलं कितीतरी ह्या खटाटोपातून. पक्ष्यांनीच हा ताप आणला, हे मात्र त्यातून सिद्ध झालं नाही. प्रवाशावर संशय घेणं सोपं, ते शाबीत करणं अवघड. पक्ष्यांच्या बाबतीत जे झालं ते माणसांच्या बाबतीत विसरायला नको.

आता खरं काम कसं चालतं ते सावकाश बघू. सुरुवात वहीपासून होते. प्रत्येक आजारी माणसासाठी एक ओळ: गाव, वय, कामाला कधी निघाला, कुठल्या शेतात उतरला, कधी परतला, ताप कुठल्या तारखेला भरला. ही रुग्णयादी म्हणजे सगळ्या शोधाचा कणा, आणि ती भरणं दिसतं तितकं सोपं नाही. आमच्याकडे तारीख विचारली तर समोरचा गप्प बसेल. ‘एटापल्लीच्या बाजाराच्या आधी का नंतर?’ असं विचारलं की लगेच सांगेल. ‘मोहफुलं पडायला लागली होती का?’ ‘होळी तिकडंच झाली का घरी?’ कॅलेंडर बाजारांचं, सणांचं आणि झाडांचं असतं. ज्याला ते येतं त्याचीच वही खरी भरते. माडिया बोलणारा माणूस सोबत असेल तर अधिकच चांगलं, कारण आपण मराठीत ‘शेतात राहिलो’ एवढंच ऐकतो आणि त्यामागं शेड, खोपट, उघडं रान, मालकाचं गोदाम ह्यांतलं काय होतं ते निसटून जातं.

तारखा हाती आल्या की उलटं मोजायचं. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप भरेपर्यंत मध्ये काही दिवस जातात, आणि प्रत्येक रोगाचा हा काळ वेगवेगळा. माकडतापात तो साधारण 3 ते 8 दिवस. उंदरांच्या मुता-लेंड्यांतून लागणाऱ्या हंता विषाणूच्या फुफ्फुसाच्या आजारात 1 ते 5 आठवडे, कधी थोडा जास्तही.

समजा एक बाई 2 एप्रिलला मिरचीवरून घरी आली आणि तिला ताप भरला 20 एप्रिलला. मध्ये 18 दिवस गेले. तो माकडताप असेल, तर मिरचीचं शेत सुटलं. तिला तो घरी आल्यावर, इथल्याच रानात लागला असणार. तोच हंता असेल, तर मिरचीच्या शेतावरचा मुक्काम बरोबर त्या मुदतीत बसतो. बाई तीच, तारखा त्याच, पण रोगाचं नाव बदललं की जागा शंभर-दोनशे किलोमीटर सरकते. म्हणून रोग ओळखल्याशिवाय ‘मिरचीवरून आणला’ असं म्हणणं म्हणजे माग न बघताच वाघाची दिशा सांगणं.

त्यानंतर आजारी नसलेल्यांकडे वळायचं. पुष्कळांना हे विचित्र वाटतं. बरी असलेली माणसं कशाला विचारायची? पण सगळा उलगडा तिथंच असतो. पुन्हा एक कल्पित उदाहरण घेतो. एका गावातून 24 जण गेले. 14 जण एका मालकाकडे उतरले, 10 जण दुसऱ्याकडे. पहिल्या ठिकाणच्या 6 जणांना ताप आला, दुसऱ्या ठिकाणच्या एकाला. त्या एकाची पट्टी मलेरियाची निघाली, म्हणजे तो ह्या हिशेबातून गेला. आता नजर पहिल्या ठिकाणावर. तिथल्या सगळ्यांनी तेच पाणी प्यालं, तोच भात खाल्ला, त्याच रांगांत मिरची तोडली. मग 8 जण वाचले कसे? विचारता विचारता कळतं की पहिल्या दिवशी राहायला दिलेलं गोदाम 5 जणांनी झाडून काढलं होतं. त्या 5 पैकी 4 आजारी. बाकीच्या 9 पैकी 2. पाणी आणि जेवण मागं पडतं आणि बोट जातं केरसुणीवर, तिनं उडवलेल्या धुळीवर. ‘आजारी माणसांनी गोदाम झाडलं होतं’ एवढंच कळून काही उपयोग नसतो. न आजारी पडलेल्यांपैकी एक सोडून कुणीच ते झाडलं नव्हतं, हे कळल्यावर त्याला अर्थ येतो.

धूळ म्हटलं ती उगीच नाही. हंता विषाणू उंदराच्या मुतात, लेंड्यांत, लाळेत असतो. ते सुकतं, झाडताना हवेत उडतं, श्वासातून आत जातं. चावा नको, स्पर्शसुद्धा नको. ह्या जातीचा जगातला पहिला विषाणू 1964 मध्ये आपल्या देशात, तमिळनाडूत वेल्लोरला, एका चिचुंद्रीत सापडलेला आहे. पण प्रवाशांमध्ये त्याचा माग कसा काढला गेला, ह्याचा सगळ्यात बोलका दाखला अमेरिकेतला आहे.

2012 मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याकडे दोन रुग्णांची नोंद आली. दोघांची ओळखपाळख नाही. पण मुलाखतींत एक गोष्ट सारखी निघाली: दोघंही जूनमध्ये योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात करी व्हिलेज नावाच्या तंबूवस्तीत राहून गेले होते. वनखात्याच्या संकुलात पर्यटक राहतात तशीच ती जागा. तिथं जुने साधे तंबू होते आणि नवे जरा ऐसपैस 91 तंबूही होते. नव्या तंबूंना थंडीसाठी दुहेरी भिंती, मध्ये फोमचं अस्तर. अखेर 10 रुग्ण सापडले, 3 दगावले, आणि 10 पैकी 9 जण ह्याच नव्या तंबूंत झोपलेले होते. भिंती उघडल्या तेव्हा आतल्या पोकळीत हरणउंदरांनी घरटी केलेली दिसली. थंडी अडवणारी जागा उंदरांना बाळंतपणाला मिळाली होती. ते तंबू काढून टाकले, आणि त्या उन्हाळ्यात तिथं राहून गेलेल्या हजारो लोकांना, ते जिथं कुठं परतले होते तिथं, पत्रं गेली की पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना योसेमिटीचं नाव सांगा.

ह्या पत्रांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पाहुण्यांचे पत्ते आणि दूरध्वनी होते म्हणून ती जाऊ शकली. मिरचीच्या टोळीचा पत्ता कुणाकडे असतो? मुकादमाच्या मोबाईलमध्ये चार नंबर, मालकाच्या वहीत तोडलेल्या मिरचीचं वजन. माणसांची नावं बहुतेक वेळा तिथं नसतात. ज्यांना सर्वांत जास्त धोका, त्यांच्याच मुक्कामाची नोंद सर्वांत पातळ, ह्याचा खेद वाटतो. हे दुरुस्त करायला प्रयोगशाळा लागत नाही, गावातून निघताना ग्रामपंचायतीत एक यादी लागते.

वही सांगेल ती जागा आता प्रत्यक्ष तपासायची. संध्याकाळी उंदरांचे पिंजरे लावतात, आत खोबरं, शेंगदाणे, नाहीतर तेलातली भाकरी. उंदीर जिवंत पकडला जावा अशी त्यांची रचना असते. मेला तर रक्त बिघडतं. पहाटे ऊन चढायच्या आत पिंजरे उचलायचे. हातमोजे, चांगला मास्क घालून उंदराची जात ठरवायची, शेपटी मोजायची, रक्ताचे थेंब घ्यायचे, कान आणि पोटाखालचे केस फुंकून तिथं चिकटलेले गोचीड चिमट्यानं वेचायचे. जात ठरवणं महत्त्वाचं, कारण हंताचा एकेक प्रकार उंदराच्या एकेका जातीला धरून राहतो. घरातला उंदीर आणि धुऱ्यावरचा उंदीर ह्यांत फरक न करणाऱ्या माणसानं ह्या कामात पडू नये. आमच्या माडिया पोरांना मात्र बीळ बघून आत कोण आहे ते सांगता येतं. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत उंदीर खणून काढणं त्यांचं लहानपणापासूनचं. असा पिंजरा कुठं लावायचा हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही, आणि शोधपथकानं पहिल्या दिवशी त्यांनाच विचारावं असं मला वाटतं.

पाचोळ्यातले गोचीड धरायची युक्ती त्याहून साधी. एक हातभर पांढरं जाड सुती कापड काठीला बांधून ते पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं. वाटेवर टपून बसलेलं पिल्लू एखादं जनावर आलं समजून कापडाला चिकटतं. दर काही पावलांनी कापड उलटायचं आणि खाली बसून बघायचं. पांढऱ्यावर तपकिरी ठिपका दिसतो, तो हलतो का ते बघायला श्वास धरावा लागतो. हलला की चिमटा, मग कुपी, कुपीवर जागेचं नाव आणि तारीख. दिवसभर कापड ओढून परतणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या पायावर किती असतील ह्याचा भरवसा नाही. म्हणून पॅन्ट मोज्यांत खोचायची, निघण्याआधी हातापायांना कर्नाटकात जंगलात जाणारे लोक लावत तसलं गोचीड पळवणारं तेल चोळायचं, आणि घरी आल्यावर अंग धुवून कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे.

रक्ताच्या नमुन्याचा प्रवास ह्याहून नाजूक. तापाच्या पहिल्या आठवड्यात विषाणू रक्तात फिरत असतो, तेव्हा त्याची जनुकं थेट शोधता येतात. त्यानंतर विषाणू कमी होत जातो आणि शरीरानं त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं सापडू लागतात. म्हणून एकदा नमुना घेऊन भागत नाही; दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा घेतला आणि प्रतिद्रव्यं चढलेली दिसली, तर ताप नक्की ह्याचाच असं म्हणता येतं. एटापल्लीहून निघालेली कुपी गडचिरोली, नागपूर असं करत पुण्याला जाईपर्यंत थंड राहिली पाहिजे. उन्हाळ्यात, गाडी वाटेत बंद पडली असताना, बर्फाच्या पिशव्या विरघळू न देणं हे शास्त्राचंच काम आहे, आणि ते करणारा वाहनचालक शोधपथकाचाच माणूस आहे. माकडतापाचा विषाणू हाताळायला सगळ्यात कडेकोट प्रयोगशाळा लागते. ती पुण्यात पाषाणला आहे.

तिथं विषाणूची जनुकं अक्षरं लावावीत तशी वाचतात. माणसातला, गोचिडातला आणि माकडातला विषाणू अक्षर-न्‌-अक्षर जुळला, तर त्यांचा एकमेकांशी संबंध आहे हे ठामपणे म्हणता येतं. जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं की वंशावळ मांडता येते. गोवा आणि सिंधुदुर्गातले विषाणू असे तपासले तेव्हा त्यांचं नातं कर्नाटकातल्या विषाणूंशी निघालं. मात्र वंशावळ भाऊबंद सांगते, मुक्काम सांगत नाही. कुठल्या बागेत, कुठल्या झाडाखाली, हे त्या अक्षरांत लिहिलेलं नसतं. ते सांगते वही. ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींवर टेकलेल्या असतात. एक काढली तर दुसरी पडते.

आमच्या विदर्भात उंदरांशी जोडलेल्या तापानं एकदा दार ठोठावलेलं आहे, तेही फार जुनी गोष्ट नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरच्या रुग्णालयांत स्क्रब टायफसचे रुग्ण एकापाठोपाठ येऊ लागले, काही दगावले. त्याचा जंतू विषाणू नाही, जिवाणू आहे. तो पसरतो उंदरांच्या अंगावर आणि गवताझुडपांत राहणाऱ्या बारीक किड्याच्या पिल्लांतून. तिथंही मलेरिया, डेंग्यू करता करता उशीर व्हायचा. शोध लागायचा तो काखेत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, असा लपलेला विडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग कुणीतरी बघितल्यावर. डाग दिसला तर डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्यांनी माणूस वाचतो. पण तो दिसायला आजाऱ्याला पूर्ण तपासावं लागतं, बाई असेल तर आडोसा आणि बाईच तपासायला लागते. हे एवढं सोपं, आणि गर्दीत एवढंच राहून जातं.

एक गोष्ट मला कळकळीनं सांगायची आहे. मूळ शोधणं आणि दोषी शोधणं ही दोन कामं आहेत. माकडताप माणसापासून माणसाला होत नाही. स्क्रब टायफस होत नाही. हंताच्या बाबतीत दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज नावाच्या एका प्रकारानं तसं केलेलं आहे: अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात 2018 च्या अखेरीपासून एका वाढदिवसाच्या समारंभातून साखळी सुरू झाली, 34 रुग्ण, 11 मृत्यू. पण तो अपवाद. तरीही परतलेल्या मजुरांच्या पाड्याकडे बोट दाखवलं जातं, पोरांना विहिरीवर येऊ देत नाहीत, टोळीला पुढच्या वर्षी काम मिळत नाही. मग पुढच्या वेळी विचारणाऱ्याला माणसं खरं सांगत नाहीत. ‘कुठं गेला होता?’ ‘कुठंच नाही.’ वहीतली ओळ तिथंच कोरी राहते आणि गोदामातले उंदीर पुढच्या टोळीची वाट बघतात.

म्हणून विचारण्याची रीत महत्त्वाची. एका आशाताईला मी असं विचारताना ऐकलं आहे. समोर मिरचीवरून आलेला पन्नाशीचा माणूस, अंगावर चादर, पट्टी कोरी. ताईनं आधी त्याला पाणी दिलं.

‘काका, तिकडं निजत कुठं होते जी तुम्ही?’

‘शेडात. मालकाच्या.’

‘खाली काय टाकत होते?’

‘तणीस.’

‘तणीस नवं होतं का आधीचंच?’

तो जरा थांबला. ‘आधीचंच होतं, ताई. रातच्याला खालून खसखस वाजे. आमी म्हटलं, उंदरं असतीन.’

‘तुमच्यासंगं कोण कोण निजे त्या तणसावर?’

त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. सहा नावं. ताईच्या वहीच्या छापील रकान्यांत ह्यासाठी जागा नव्हती. तिनं पानाच्या कडेला, आडवी वही धरून, ती सहा नावं लिहून घेतली, प्रत्येकापुढं गाव टाकलं, आणि पहिल्या नावाच्या घराकडे निघाली.